क्रीम चीजचे फ्रॉस्टिंग

क्रीम चीजचे फ्रॉस्टिंग : केकच्या पृष्ठभागावर पसरावयाचा अथवा त्याच्या दोन थरांमध्ये भरावयाचा मऊ, पांढरा व आंबटगोड लेप. क्रीम चीज, पिठीसाखर आणि लोणी किंवा फेटलेली मलई हे त्याचे मुख्य घटक होत. लोण्याऐवजी फेटलेली मलई वापरल्यास लेपात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकून तो हलका व फेसाळ होतो. केकवरील लेपास ब्रिटनमध्ये सामान्यतः आयसिंग आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) फ्रॉस्टिंग म्हणतात. दोन्ही नावांचा मूळ संबंध बर्फ व हिमकण यांच्याशी आहे. प्रस्तुत नोंदीत मलई हा शब्द कच्च्या दुधातून वेगळा काढलेला वसायुक्त भाग या अर्थी योजला आहे. तापविलेल्या दुधावर धरणारी साय त्याहून निराळी असते.

हा लेप आज घरच्या घरी, अर्ध्या तासाच्या आत तयार करता येतो. तथापि शुभ्र व बारीक साखर, एकसारख्या गुणवत्तेचे चीज, घट्ट मलई, शीतपेटी आणि फेटण्याचे यंत्र या पाचही गोष्टी सामान्य घरात एकत्र येण्यास सु. दीडशे वर्षे लागली. त्यांपैकी साखर एकेकाळी गुलामांच्या श्रमातून येत असे, तर फेटण्याचे काम मोलकरणींच्या मनगटावर पडे. ‘घरगुती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थाचा इतिहास त्यामुळे पाकशास्त्रापुरता मर्यादित राहत नाही.

साखरेचा लेप : केकवर साखरेचा लेप देण्याच्या कृती सतराव्या शतकातील इंग्रजी पाकग्रंथांत आढळतात. केनेल्म डिग्बी यांच्या पाककृतींचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १६६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अंड्याचा पांढरा बलक व साखर यांचा लेप केकवर देण्याची रीत दिली आहे. असा लेप दिलेला केक मंद भट्टीत पुन्हा ठेवीत. लेप सुकून कडक व तकतकीत होई आणि गोठलेल्या पाण्यासारखा दिसे. तो केवळ शोभेसाठी नसे. आतील केक त्यामुळे लवकर कोरडा पडत नसे.

या लेपास लागणारे श्रम एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या पुस्तकावरून कळून येतात. चेशर परगण्यातील आर्ली हॉल या वाड्याचा कारभार पाहिलेल्या आणि पुढे मँचेस्टर येथे दुकान चालविणाऱ्या या बाईंनी १७६९ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. विवाहाच्या केकवर आधी बदामाचा व त्यावर साखरेचा लेप देण्याची रीत त्यात आहे. साखरेच्या लेपासाठी दोनदा शुद्ध केलेली साखर कुटून, थोड्या पिष्टासह तलम कापडाच्या चाळणीतून गाळावयाची आणि पाच अंड्यांचा बलक पसरट ताटात सुरीने अर्धा तास फेटून त्यात ती थोडीथोडी मिसळत जावयाची, असे त्यांनी सांगितले आहे. साखर त्या काळी शंकूच्या आकाराच्या घट्ट ढेपांच्या रूपात मिळे. ती फोडणे, कुटणे व गाळणे हे काम फेटण्याच्या आधीचे असे. बाजारात मिळणाऱ्या पिठीसाखरेच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून अ. सं. सं. मध्ये आजही तिच्यात सु. ३ टक्के मक्याचे पिष्ट मिसळतात; म्हणजे रॅफल्ड यांची युक्ती कारखान्याने उचलली, असे म्हणता येईल.

लेप जितका पांढरा, तितकी साखर अधिक शुद्ध आणि म्हणून अधिक महाग. पांढरा केक हे त्यामुळे ऐपतीचे लक्षण झाले. राणी व्हिक्टोरिया हिच्या १८४० मधील विवाहप्रसंगीचा केक सु. १३५ किग्रॅ. वजनाचा होता व त्यावर शुभ्र साखरेचा लेप होता. अंड्याचा बलक व साखर यांच्या अशा कडक लेपास पुढे ‘राजेशाही लेप’ या अर्थाचे नाव रूढ झाले.

साखर व गुलामगिरी : अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये खपणाऱ्या साखरेचा मोठा भाग कॅरिबियन बेटांवरील मळ्यांतून येई आणि तेथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून ऊसशेती व साखरनिर्मिती करून घेतली जाई. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव ब्रिटिश संसदेने १७९१ मध्ये फेटाळला. त्यानंतर अनेक कुटुंबांनी कॅरिबियन साखर वापरणे सोडले. घरात काय शिजावे हे ठरविण्याचा अधिकार स्त्रियांकडे असल्याने मताधिकार नसतानाही त्यांना या चळवळीत प्रत्यक्ष भाग घेता आला. १८२० नंतरच्या दशकात या बहिष्कारास पुन्हा जोर आला. ईस्ट इंडियाची म्हणजे भारतातून आलेली साखर गुलामांनी तयार केलेली नाही, अशी अक्षरे असलेली साखरदाणी त्या काळी इंग्रज घरांतून मेजावर ठेवीत. गुलामांचा व्यापार १८०७ च्या कायद्याने बंद झाला. बहुतेक ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपविणारा कायदा १८३३ मध्ये संमत होऊन १८३४ मध्ये अंमलात आला.

साखर स्वस्त होण्यास यंत्रविद्या व करविषयक धोरण ही दोन्ही कारणे झाली. न्यू ऑर्लीन्स येथील नॉर्बर्ट रिल्यू यांनी निर्वात पात्रांच्या मालिकेत उसाचा रस आटविण्याच्या पद्धतीची एकस्वे १८४३ व १८४६ मध्ये घेतली. एका पात्रातील वाफेची उष्णता पुढील पात्रास देण्याच्या या योजनेने इंधनाची बचत झाली आणि साखर करपण्याचा धोका कमी झाला. रिल्यू यांची आई कृष्णवर्णीय होती व ते स्वतः गुलाम नव्हते. परंतु त्यांचे यंत्र लुइझिॲनातील ज्या मळ्यांवर प्रथम बसविले गेले, तेथे काम करणारे गुलामच होते. ब्रिटनने साखरेवरील आयातकर १८७४ मध्ये रद्द केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरी साखर ही चैनीची वस्तू राहिली नव्हती.

फेटण्याची साधने : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेकिंग पावडर प्रचारात आली आणि केक फुगविण्यासाठी अंडी तासन्‌तास फेटण्याची गरज उरली नाही. अमेरिकेत यातून हलक्या, थरांच्या केकचा प्रसार झाला. अशा केकवर कडक लेप शोभत नाही. सुरी लावताच तो फुटतो व मऊ केक दबतो. थरांमध्ये भरता येईल अशा मऊ लेपाची गरज यातून निर्माण झाली. फेटलेल्या बलकावर साखरेचा गरम पाक ओतून केलेला लेप आणि नंतर लोणी व पिठीसाखर यांचा लेप ही त्या दिशेची पावले होत.

लेप मऊ झाला, तरी तो फेटावा लागेच. दातेरी चाकाने दोन पाती उलटसुलट फिरविणाऱ्या हातयंत्राच्या सुधारित रचनेचे एकस्व टर्नर विल्यम्स यांनी १८७० मध्ये घेतले. डोव्हर या नावाने विकले जाणारे हे यंत्र अमेरिकी स्वयंपाकघरात इतके रुळले की, पाककृतींतून त्याचे नाव सामान्यनामाप्रमाणे येऊ लागले. विजेवर चालणारे मोठे मिश्रणयंत्र हर्बर्ट जॉन्स्टन यांनी १९०८ च्या सुमारास बेकऱ्यांसाठी तयार केले. त्याचे घरगुती रूप १९१९ मध्ये किचनएड या नावाने बाजारात आले. परंतु ते जड व महाग होते. आयव्हर जेप्सन यांनी आराखडा केलेले सनबीम मिक्समास्टर हे त्यामानाने स्वस्त यंत्र १९३० मध्ये विक्रीस आले आणि फेटण्याचे कष्ट मध्यमवर्गीय घरांतून हळूहळू नाहीसे झाले.

क्रीम चीज : मलई विरजून, कापडात बांधून, तिच्यातील पाणी निथळून केलेले ताजे चीज इंग्लंडमध्ये पूर्वापार होत असे. ते मुरविलेले नसल्याने थोड्याच दिवसांत संपवावे लागे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहराच्या आसपासचे शेतकरी असे चीज घरी करीत व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यास चांगली ख्याती होती.

कारखान्यातील उत्पादनाची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर या गावी झाली. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील न्यूशातेल गावाच्या नावाने ओळखले जाणारे मऊ चीज तेथे तयार करीत. विल्यम लॉरेन्स या दुग्धव्यावसायिकाने १८७२ च्या सुमारास हा व्यवसाय सुरू केला व पुढील काही वर्षांत त्या चीजमध्ये अधिक मलई मिसळून ते जास्त दाराने विकण्यास आरंभ केला. लॉरेन्स यांना क्रीम चीजचा शोध अपघाताने लागला अशी कथा जाहिरातींतून पसरली. परंतु घरगुती क्रीम चीज त्यापूर्वीच माहीत असल्याने त्यांचे श्रेय शोधाचे नसून कारखानदारीचे आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरते. न्यूयॉर्कमधील विक्रेते ॲल्व्हा रेनल्ड्स यांनी १८८० मध्ये या चीजला ‘फिलाडेल्फिया’ हे नाव दिले व ते कथलाच्या वर्खात गुंडाळून विकण्यास सुरुवात केली. चीज न्यूयॉर्क राज्यातले, नाव मात्र पेनसिल्व्हेनियातील शहराचे, असा हा प्रकार होता. त्या शहराच्या ख्यातीचा लाभ मिळावा हा त्यामागील हेतू होता. हे व्यापारचिन्ह १९०३ मध्ये फीनिक्स चीज कंपनीकडे गेले आणि ती कंपनी १९२८ मध्ये क्राफ्ट कंपनीत विलीन झाली.

या उद्योगास बळ देणारे यंत्र स्वीडनमधील गुस्ताव्ह द लावाल यांनी १८७८ मध्ये तयार केले. केंद्रोत्सारक तत्त्वावर चालणाऱ्या या विलगकामुळे मलई वर येण्याची तासन्‌तास वाट पाहण्याचे कारण उरले नाही आणि तिच्यातील वसेचे प्रमाण ठरविता येऊ लागले. पाश्चरीकरण केलेल्या दूध-मलईच्या मिश्रणात दुग्धाम्ल निर्माण करणारे सूक्ष्मजंतू मिसळतात. अम्लता वाढून पीएच मूल्य ४·६ च्या जवळ आले की, केसीन हे प्रथिन साकळते. नंतर निवळी म्हणजे सुटलेले पाणी वेगळे करून त्यात मीठ व खारनूट, गवार यांसारख्यांच्या बियांपासूनचे डिंक घालतात. अ. सं. सं. मधील मानकाप्रमाणे क्रीम चीजमध्ये दुग्धवसा किमान ३३ टक्के व पाणी जास्तीत जास्त ५५ टक्के असावे लागते. प्रत्येक वडीत वसा व पाणी यांचे प्रमाण सारखेच येऊ लागल्याने क्रीम चीज लेपासाठी भरवशाने वापरता येऊ लागले.

लेपाचा प्रसार : विसाव्या शतकाच्या मध्यास घरगुती शीतपेट्या अमेरिकेत सार्वत्रिक झाल्या आणि नाशवंत दुग्धपदार्थांचा लेप दिलेला केक घरात ठेवणे शक्य झाले. क्रीम चीजच्या लेपास खरी लोकप्रियता मिळाली ती गाजराच्या केकमुळे. गोडीसाठी गाजर वापरण्याची प्रथा यूरोपात जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये साखरेचे नियंत्रित वाटप चालू असता (१९४०–५३) अन्नखात्याने गाजराच्या वापराचा मोठा प्रचार केला. टंचाईत वाढलेल्या या केकचे अमेरिकेत १९६० नंतर अक्रोड, दालचिनी व क्रीम चीजचा दाट लेप यांसह संपन्न रूपांतर झाले. गाजराची गोडी आणि मसाल्याची उग्रता यांना लेपाचा आंबटपणा उठाव देतो. जमेकातून आलेला केळी व अननस यांचा ‘हमिंगबर्ड’ केक सदर्न लिव्हिंग या मासिकाच्या फेब्रुवारी १९७८ च्या अंकात प्रसिद्ध झाला. त्यावरही हाच लेप सांगितला होता. लाल रंगाच्या ‘रेड व्हेल्व्हेट’ केकवर पूर्वी दूध व मैदा शिजवून त्यात लोणी-साखर फेटलेला लेप देत. त्याची जागाही पुढे बऱ्याच अंशी क्रीम चीजने घेतली.

घरगुती कृती : फेसाळ प्रकारासाठी वडीच्या रूपातील क्रीम चीज सु. २२५ ग्रॅ., पिठीसाखर १०० ते १२० ग्रॅ., सु. ३५ टक्के वसा असलेली थंड मलई २४० मिलि., चिमूटभर मीठ व थोडा व्हॅनिला अर्क घेतात. चीज शीतपेटीबाहेर काढून किंचित मऊ होऊ देतात व एकटेच फेटून गुळगुळीत करतात. या वेळी राहिलेल्या गुठळ्या नंतर मोडत नाहीत. त्यात चाळलेली पिठीसाखर मिसळून, अगदी थंड मलई बारीक धारेने घालीत मिश्रण फेटतात. फेटणीच्या पात्यांनी उमटलेल्या रेषा टिकू लागल्या व पाते उचलता मिश्रणाचे टोक उभे राहिले की थांबावयाचे. लोण्याच्या प्रकारात मलईऐवजी सु. ११५ ग्रॅ. मऊ लोणी वापरतात. परंतु त्यास दाटपणा आणण्यासाठी साखर दुपटीहून अधिक लागते. कमी गोड लेप हवा असणारांस फेसाळ प्रकार म्हणूनच सोयीचा पडतो.

या कृतीत दोन भिन्न रचना एकत्र येतात. मलई फेटताना वसेचे कण परस्परांस अर्धवट चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे तयार करतात. यासाठी वसा किमान ३० टक्के व बरीचशी घन अवस्थेत असावी लागते. मलई थंड ठेवण्याचे कारण हेच. क्रीम चीज हे केसीनचे जेल असून त्याने आपल्या जाळ्यात पाणी धरून ठेवलेले असते. साखर हे पाणी आपल्याकडे ओढते आणि लेप सैल होतो. तो घट्ट करण्यासाठी आणखी साखर घालावी, तर तो अधिकच पाझरू लागतो. नवशिक्याची फसगत होते ती येथेच. अति फेटल्यानेही जेल मोडते व मलईचे लोणी होऊ लागते. डबीतील, पावावर लावण्याच्या मऊ चीजमध्ये पाणी किंवा हवा अधिक असल्याने ते या कामी तितकेसे उपयोगी पडत नाही. सैल झालेला लेप अर्धा तास थंड करणे हाच पहिला उपाय होय. केक पूर्ण निवल्याशिवाय लेप लावू नये. लेप दिलेला केक शीतपेटीत ठेवावा. नेहमीच्या तापमानात तो दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नये. कोकणातील उन्हाळ्यात ही मुदत आणखी कमी धरणे इष्ट, कारण ३०° से. च्या आसपास दुग्धवसेचा बराच भाग वितळलेला असतो.

भारतीय संदर्भ : साखर घालताच पाणी सुटते, हा अनुभव मराठी गृहिणीस नवा नाही. दही कापडात टांगून केलेला चक्का व साखर यांपासून श्रीखंड करतात. चक्का हेही अम्लाने साकळलेल्या केसीनचे, निवळी काढून टाकलेले जेल असून साखर मिसळताच तो सैल होतो. म्हणून श्रीखंडासाठी चक्का चांगला घट्ट बांधावा लागतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात दह्याच्या शिखरिणीचे वर्णन आहे. श्रीखंडही घरातून कारखान्यात गेले : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बडोदा येथील सहकारी दुग्धालयाने दह्यातील निवळी केंद्रोत्सारक यंत्राने वेगळी करून मोठ्या प्रमाणावर श्रीखंड तयार करण्यास सुरुवात केली. क्रीम चीज न मिळाल्यास चक्क्यात मलई किंवा लोणी मिसळून लेप करण्याची रीत भारतीय घरांत रूढ झाली आहे. मात्र चक्क्यात वसा बरीच कमी व आंबटपणा अधिक असल्याने असा लेप थोडा ओलसर राहतो. बाजारात सर्रास मिळणारी २५ टक्के वसेची मलई कितीही फेटली, तरी उभी राहत नाही, हेही येथे ध्यानात ठेवणे जरूर आहे.

भारतातील बहुतेक बेकऱ्यांतून केकवर दिसणारा पांढरा लेप मात्र मलईचाही नसतो व क्रीम चीजचाही नसतो. वनस्पतिजन्य वसेपासून फेसाळ लेप तयार करण्याचा उद्योग रॉबर्ट रिच यांनी १९४५ मध्ये बफेलो (न्यूयॉर्क राज्य) येथे सोयाबीनचा उपयोग करून सुरू केला. असे लेप स्वस्त असून उष्ण हवेतही टिकतात, म्हणून ते जगभर पसरले. अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या तेलांत ट्रान्स मेदाम्ले असतात व ती हृदयविकारास पोषक ठरतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. भारतात खाद्यतेले व वसा यांतील अशा मेदाम्लांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली आहे. दुग्धवसेचा लेपही बेताने खाण्याचाच पदार्थ आहे. परंतु त्यात काय व किती घातले हे करणाऱ्यास ठाऊक असते.

क्रीम चीज मुळात घरी होत असे. ते कारखान्यात गेले आणि तेथून वडीच्या रूपाने पुन्हा घरात आले. साखर कुटण्याचे व बलक फेटण्याचे कष्ट यंत्रांनी हलके केले, ही गोष्ट सामान्य स्त्रीच्या दृष्टीने लहान नव्हती. सुरी व पसरट ताट घेऊन अर्धा तास फेटत बसणाऱ्या मोलकरणीचे काम आता काही मिनिटांत उरकते आणि राजविवाहात मिरविणारा शुभ्र लेप कोणत्याही मुलाच्या वाढदिवसास करता येतो. यंत्राने जे अद्याप घेतलेले नाही, ते म्हणजे जिन्नस निवडण्याचा व फेटणे नेमके कोठे थांबवावे हे ठरविण्याचा अधिकार. १७९१ च्या बहिष्कारात इंग्रज गृहिणींनी वापरलेला अधिकार यांपैकी पहिलाच होता. या लेपाचे घरगुतीपण आज मुख्यतः या दोन गोष्टींत उरले आहे.